यंदाची रोवणी

४ एप्रिल २०२५

सुगंधाकाकूंना वाघाने नेलं.

मोहफुलं वेचायला वाकल्या होत्या. मी आणि आई – सासूबाई – शेजारच्याच झाडाखाली. ओरडल्यासुद्धा नाहीत. टोपली तेवढी कलंडलेली दिसली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, झुडपातून उचलून आणलं त्यांना. सख्ख्या भावाची बायको. बाबांचा सदरा – नाही, लिहवत नाही.

७ एप्रिल

बाबांनी सांगून टाकलं. "आजपासून घरची बाई जंगलात नाई. वावरातबी नाई."

मलाही खरंच भीती वाटते.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून विहारात गेले. इतक्या दिवसांत तेवढंच बाहेर! पुढे बाबा, मागे विक्की, माझा नवरा, मधे आम्ही दोघी. शेळ्या नेतात तशा.

२ मे

मोह संपला. आमच्या झाडांखाली फुलं पडून सडली म्हणे. आई दिवसभर ओसरीवर. बोटं एकमेकांत गुंतवतात, सोडवतात, परत गुंतवतात. आज म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून एवढी सावलीत नाई बसली मी." हसवायला म्हणाल्या. हसलो नाही दोघीही.

२९ मे

वाघ पकडला!! बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालून नेला. पोरांनी फटाके फोडले. मी विळा घासून ठेवला.

बाबा म्हणाले, "एक गेला त दुसरा येते."

विळा परत आत ठेवला.

८ जून

विक्की चंद्रपूरहून आला. तो काम करतो त्या दुकानाला सुट्टी. त्याच्यासमोरच बाबा म्हणाले – यंदा रोवणी नाही, चिखलात रोपं लावायचीच नाहीत. ट्रॅक्टर लावून धान फेकायचा, वरून तणनाशक मारायचं. "बाईचं कामच नाई पडत."

नंतर मी विक्कीला म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणे, "बाबा काळजीनंच म्हणते ना. काऊन तरास करून घेऊन राह्यली? घरी बसून आराम कर ना."

आराम!

याला कसं सांगू? लग्न होऊन आले तेव्हा या गावात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती रोवणीच्या ओळीत. चिखलात मागे मागे सरकताना बाया काय काय बोलतात! आईंची पहिली मुलगी तापाने गेली, ते त्यांनी मला तिथेच सांगितलं. घरात कधीच नाही. आणि औषध मारलं की बांधावरचा तरोटा, कुरडू सगळं जळणार. पावसाळाभर आम्ही तीच भाजी खातो. ते यांच्या हिशेबात नाही. आम्ही तरी कुठे आहोत?

१७ जून

आई बोलल्या! बाबांना भात वाढता वाढता.

"वावरातल्या ह्या धानाच्या बांध्या कोणं बनवल्या?"

"माह्या बापानं."

"बापानं दाखवलं कुठी बनवायच्या ते. माती डोक्यावर कोणं वाह्यली? तुमच्या मायनं. मंग मी. पोटुशी असताना वाह्यली."

बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "सुगंधाले मी उचललं, रुखमा. तुले नाई उचलू शकत मी."

आणि रडायला लागले. बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. हात न धुताच उठले. आईही जेवल्या नाहीत.

दोघंही खरंच बोलले. मग यातून बाहेर कसं पडायचं?

२२ जून

आई एकट्याच वावरात जाऊन पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी धानाचं बी, टाकून आल्या. न विचारता. रोपं उगवली की रोवणी करावीच लागते. नाहीतर बियाणं गेलं.

मी दारात उभी राहून वाट पाहत होते. बाबाही उभे. त्या आल्या, पाय धुतले, चहा मांडला.

२४ जून

बाबा ट्रॅक्टरवाल्याला फोनवर म्हणाले, "चिखलणीले ये फक्त. फेकाचं राहू दे."

मग आम्हाला – "जा. पर वाघाचं काई दिसलं त त्याच दिवशी बंद. मंग कोनी तोंड नाई उघडायचं."

१८ जुलै

रोवणी लागली! गुडघाभर चिखल. कंबर तुटली. दहाजणी एका ओळीत, इतका गलका की पलीकडच्या बांधीतून कोणी ओरडलं – जरा हळू! आईंनी सुगंधाकाकूंची जागा मोकळी ठेवली होती. मग स्वतःच सरकल्या तिथे.

घरी आल्यावर झोपावंसंच वाटेना.

२१ जुलै

जंगलाकडच्या बांधीत वाघाचं पाऊल. ताजं. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

आईंनी सगळ्या बायांना बोलावून दाखवलं. "ज्याले घरी जायचं त्यानं जावा." कोणी हललं नाही. दोघी काठ्या घेऊन बांधावर उभ्या राहिल्या, तोंड जंगलाकडे. बाकीच्या आम्ही वाकलो. आईंनी त्या पावलातच रोप खोचलं.

संध्याकाळी बाबा दारातच. "काई दिसलं का?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "नाई."