काकूंच्या खुणा आणि शांघायचे बोळ

सांता क्लारा, कॅलिफोर्निया
१४ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप त्र्यंबककाकांना कांचनचा साष्टांग नमस्कार. (शांघायमध्ये चालून चालून उजवा गुडघा सुजलाय, तेव्हा आठातलं एक अंग कमी धरावं.) तुमचं ब्लडप्रेशर, वेस्ट विंडसरची थंडी आणि तुमच्या बेसमेंटमध्ये शिरणारं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. सुमित्राकाकूंनाही नमस्कार. त्या गेली दोन वर्षं जो स्वेटर विणताहेत तो तुमच्या मापाचा नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

निघण्याआधी फोनवर तुम्ही मला बजावलं होतं, की शांघायबद्दल हवं तेवढं लिही, पण आमच्या मुलीचं नाव पत्रात दिसता कामा नये. मान्य. तिनं स्टेट कॉलेजला बरोबर शिकणाऱ्या चिनी मुलाशी परस्पर लग्न केलं आणि त्याच्यासोबत शांघायला निघून गेली, तेव्हापासून तुम्ही नूडल्स सोडल्यात, चिनी मातीच्या कपबश्या माळ्यावर टाकल्यात आणि चहा स्टीलच्या पेल्यातून ओठ भाजत पिताय, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा हे पत्र फक्त रस्त्यांबद्दल आहे. मध्ये कुठं माणसं आली तर ती रस्त्यात उभी होती म्हणून आली असं समजावं.

कंपनीनं मला पाठवलं होतं ते तिथल्या कारखान्यातल्या लोकांना आमची मशीन्स शिकवायला. पण काकूंनी माझ्या बॅगेत एक भला थोरला डबा कोंबला होता. त्यात डिंकाचे लाडू, आणि लाडवांच्या उरावर गोडा मसाला नि हिंगाची पुडी. डबा कुणाला द्यायचा ते मी अटीप्रमाणे लिहीत नाही. मात्र पत्ता कसा दिला होता ते लिहिते. गल्लीचं नाव नाही, घराचा नंबर नाही. शांघायहून आलेल्या खरखरत्या फोनवर काकूंना जेवढं कळलं तेवढं त्यांनी मला तोंडी सांगितलं. दुतर्फा मोठी झाडं असलेला रस्ता, मग सायकल दुरुस्तीचं दुकान, मग उकळतं पाणी विकणाऱ्याचं दुकान, त्याच्या समोर दगडी कमान, आत शिरलं की कुणालाही विचार, सांगतील. आपल्या घराण्यात पत्ता म्हणजे खुणा, हे मी लहानपणापासून जाणते. (तुम्ही नवीन घर घेतलंत तेव्हा आम्हाला काय सांगितलं होतंत? प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवरून उजवीकडे, पेट्रोल पंप ओलांडून, पांढरं कुत्रं बसलेलं असतं त्याच्या पुढचं घर. कुत्रं त्या दिवशी डॉक्टरकडे गेलं होतं. आम्ही एका अनोळखी अमेरिकन बाईच्या घरी चहा पिऊन आलो.)

आता शांघायमध्ये दुतर्फा झाडं नसलेला रस्ता शोधून दाखवावा. नदीकाठी मुंबईच्या फोर्टात असतात तशा दगडी इमारती आहेत, तेवढा भाग सोडला की जुन्या फ्रेंच वस्तीत सगळीकडे झाडंच झाडं. सायकली तर इतक्या, की रस्ता ओलांडायला मी एका म्हाताऱ्याचा दंड धरला आणि तो बिचारा घाबरून माझ्यासोबत नको त्या बाजूला आला. जिथं एवढ्या सायकली तिथं दुरुस्तीची दुकानं किती असतील याचा हिशेब तुम्ही केमिस्ट असूनही कराल. उकळतं पाणी विकणारेसुद्धा कोपऱ्याकोपऱ्यावर. लोक थर्मास घेऊन रांगेत उभे असतात, कारण घरात कोळशाची शेगडी पेटवत बसायला वेळ नसतो. पहिल्या दिवशी मी पोट बिघडल्याचं सांगून दुभाष्याला चुकवलं नि बाहेर पडले. साडी, पायात स्नीकर्स, हातात डबा. मागून हळूहळू पोरंबाळं, बायका, एक भाजीवाला अशी मंडळी गोळा झाली. मी थांबले की वरात थांबायची. मी चुकले की सगळी वरात चुकायची. दगडी कमानी तर विचारूच नका, प्रत्येक बोळाला एक. आत डोक्यावर बांबूंवर वाळत घातलेले कपडे, त्यांचं पाणी माझ्या भांगात.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुभाष्यानं माझ्या पोटाची फार काळजी घेतली आणि मला नुसत्या भातावर ठेवलं. पण मी तुमची पुतणी आहे. घ्यायचं ते घेऊनच परतायचं आणि द्यायचं ते देऊनच परतायचं, हे तुमच्याचकडून शिकले. तिसऱ्या दिवशी तर मी कारखान्यातलं संध्याकाळचं जेवणच कॅन्सल करवलं आणि ठरवलं, की शांघायमधली प्रत्येक कमान पालथी घालावी लागली तरी चालेल, डबा अमेरिकेला परत न्यायचा नाही.

आणि एका कमानीत दंडाला लाल पट्टी बांधलेल्या आजीबाईंनी मला अडवलं. (प्रत्येक बोळावर लक्ष ठेवायला अशी एक आजी नेमलेली असते. आपल्याकडे त्या न नेमता असतात.) त्यांनी खुणेनं डबा उघडायला लावला. मी उघडला. हिंगाचा भपकारा आला. आजीबाईंनी नाक धरलं, वरातीकडे वळून मोठ्यानं काहीतरी सांगितलं, सगळी वरात हसली, आणि त्यांनी माझं मनगट पकडून मला तरातरा ओढत बोळाच्या टोकाच्या घरापाशी नेलं. मागाहून कळलं, की त्या एका घरातून हा वास येतो म्हणून बोळाच्या कमिटीची मीटिंगसुद्धा झाली होती. कसली फवारणी करतात असा संशय होता. काकूंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दार एका बाईनं उघडलं. नाव लिहीत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसली. काका, मला तेव्हा रडू कोसळलं, आणि हे मी विनोदानं लिहीत नाहीये. तिच्या यजमानांनी पुढं होऊन मोडक्या मराठीत मला आत बोलावलं आणि संध्याकाळी पिठलं केलं. (गुठळ्या नव्हत्या. तुमच्या होतात.) त्यांची रांगती मुलगी आहे. तिनं डिंकाचा लाडू मुठीत धरला तो कुणालाही सोडवता आला नाही. तिघांनी प्रयत्न केला. भुवया वर चढवून ती एकटक आमच्याकडे बघत राहिली. त्या भुवया कुणाच्या हे लिहिणं अटीत बसत नाही.

त्या बाईनं माझ्याकडे रागाची, माफीची, कसलीच चौकशी केली नाही. एका गृहस्थांचं ब्लडप्रेशर कसं आहे, ते अजून पहाटे उठून अंगणातला बर्फ स्वतःच काढतात का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काढतात, आणि कुणाचं ऐकत नाहीत. ती म्हणाली, ते मला माहीत आहे. मग आम्ही दोघींनी एक लाडू अर्धा अर्धा खाल्ला.

तर असे शांघायचे रस्ते. शहर छान आहे, एकदा पाहावं. तब्येतीला जपा आणि चहा कपात प्या.

तुमची हट्टी पुतणी,
कांचन

ता. क. शांघायचा नकाशा वेगळ्या पाकिटातून पाठवतेय. बोळ त्यात नाहीत.

ता. क. दुसरा. त्या बाईच्या यजमानांना स्टेट कॉलेजला पुन्हा रिसर्चचं काम मिळालंय. १ नोव्हेंबरला, शनिवारी, ऐन दिवाळीत ती तिघं दुपारच्या गाडीनं प्रिन्स्टन जंक्शनला उतरतील. आणायला कुणी नको म्हणाली, टॅक्सी करीन. अडचण एवढीच, की तिला तुमच्या घराचा नंबर आठवत नाही, तिला खुणा आठवतात. मी सांगितलं, पांढरं कुत्रं गेलं, पेट्रोल पंपही बंद झाला. तेव्हा ती म्हणाली, मग एकच खूण उरली, दारात हात पाठीशी बांधून एक म्हातारे गृहस्थ उभे असतील ते घर. काका, तुम्ही आत बसलात तर टॅक्सीला घर सापडणार नाही.

ता. क. तिसरा. अट मी पाळली आहे. पत्र पुन्हा वाचून खात्री करून घ्या, तिचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. शनिवारी दारात हाक मारायला तुम्हाला लागेल म्हणून ठेवलंय.