आवडीच्या बांगड्या

पोलादपूर,
आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८५५

प्रिय भिकू,

तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळे खुशाल. भात पोसवलंय, पाऊस एकदाचा हटला, आणि माझ्या रामाच्या पायावरचं गळू फुटून बरं झालं. आवडीला परत पाठवण्याबद्दल विचारलंस, त्याचं उत्तर शेवटी देते. हे पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, तुझ्या दाजींनासुद्धा नाही. आबांनी मला महाडात मावशीकडे ठेवून चौथीपर्यंत शिकवलं, ते आज कामी येतंय.

माझा स्वभाव संशयी, हे तुला नवं नाही. दह्यावरची साय हलली तरी मी आधी घरातल्यांची तोंडं बघते. वैशाखात दासगावच्या बंदरावर आवडी उतरली तेव्हापासूनच माझं मन खात होतं. तू लिहिलं होतंस, रखमाच्या हट्टापायी पोरीला पाठवतो आहे. मी म्हटलं, झालं! वहिनी गेली आणि तिची लेक नव्या बाईला डोळ्यांसमोर नकोशी झाली. वर गाठोडं सोडलं तर परकरांच्या घडीत, फडक्यात बांधलेली आंबेहळद. आमच्या परसात आंबेहळदीचं रान माजलंय, आणि मुंबईहून कुणी ती इकडे पाठवतं का? मुक्या मारावर उगाळून लावायची वस्तू ती. पोरीच्या सामानात ती ठेवायची सवय कुणाला लागते? रखमाबद्दल माझं मत तिथेच ठरलं.

तू मात्र मला बजावलंस, पोरीवर हात उगारायचा नाही. मुंबईत कुणाचं तरी व्याख्यान ऐकलंस म्हणे, मुलांना मारणं हा रानटीपणा आहे. वाचून मला हसू आलं. मार न खाता आपल्याकडे कुठलं पोर मोठं झालंय? आबा चिंचेचा फोक घेऊन तुझ्यामागे धावायचे आणि मी तुला कणगीमागे दडवायची. मीही रामाला धपाटा घालते. तो सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकतो आणि घटकेने माझ्याच ताटात जेवायला बसतो.

शाळेच्या पहिल्या दिवशी पालकाने मास्तरांच्या हातात निरगुडीचा फोक द्यायचा, ही आपली जुनी रीत. मी रामाचा आणि आवडीचा मिळून एक चांगला लवचीक फोक तोडून नेला. नवे मास्तर घाटावरचे. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, हसले, आणि शाळेच्या कुडाजवळ घोसाळ्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला. तेव्हापासून गावात त्यांच्यावर सगळ्यांचाच डोळा. तुझे दाजी म्हणाले, "मारीत नाय तो मास्तर कसला गो? काय तरी खोट हाय त्याच्यात." मलाही तसंच वाटलं. पण तो फोक मास्तरांच्या हातात गेला तेव्हा आवडीने काय करावं? खाली बसून हातातल्या बांगड्या एकेक काढल्या, भिंतीशी नीट मांडून ठेवल्या, आणि मास्तरांकडे पाठ करून उभी राहिली. रडली नाही की काही नाही. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. वाटेत मी विचारलं तर म्हणाली, "फुटल्या का हातात घुसतात. मग आई रडते." मी मनात म्हटलं, आधी बडवायचं आणि मग रडायचं, काय सोंग आहे बाईचं! त्या दिवशी रखमाला मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते लिहायची सोय नाही.

दसऱ्याला महाडच्या मोटारीचा ड्रायव्हर भागोजी आमच्याकडे जेवायला होता. भला माणूस, पोरांसाठी खिशात चणे घेऊन येतो. पोटभर जेवला, ओटीवर टेकला, आणि कमरेचा पट्टा सैल करायला लागला. पट्ट्याची कडी वाजली. आवडी आत माझ्याजवळ तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला सारलं, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, ओटीवर गेली आणि भागोजीपुढे पाठ करून उभी राहिली. त्याचे हात होते तिथेच राहिले. मी उठले आणि तिला उचलून आत आणलं. एवढी मोठी पोर, पण कडेवर घेतली.

रखमा कमरेला पट्टा बांधत नाही, भिकू.

तू ट्रामवर नोकरीला लागलास तेव्हा पाठवलेला फोटो आमच्या भिंतीवर होता. खाकी डगला आणि चामड्याचा पट्टा. किती मिरवला मी तो फोटो! त्याच दिवशी उतरवला. आंबेहळद कुणी लावली, कोण रडलं, हट्ट धरून पोरीला बोटीत कुणी बसवलं, ते आता मला कळतंय. मी जिला नावं ठेवत होते, तीच बिचारी पोरीला वाचवत होती. तिलाही बांगड्या काढून ठेवाव्या लागतात का, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही. व्याख्यानाची गोष्ट तू कुणाला सांगत होतास रे, मला की स्वतःला?

काल रामाने दुधाचं भांडं लवंडलं. माझा हात उठला, आणि कोपऱ्यात आवडीचा हात बांगड्यांकडे गेला. मी हात खाली घेतला. आबांचा फोक काय, माझा धपाटा काय, मला कधी त्यात वावगं वाटलं नव्हतं. आता हात उचलण्याआधी मी तिच्या हातांकडे बघते.

दिवाळीत बोटी सुरू झाल्या की आवडीला न्यायला येतो, असं तू लिहिलंस. त्याच्यासाठीच हे पत्र. आवडी येणार नाही. दाजींना काय सांगायचं ते मी सांगेन, गावाला काय सांगायचं तेही सांगेन. तू भाऊबीजेला ये, रखमाला घेऊन ये. तिला माझ्याकडे राहायचं असेल तर तिलाही जागा आहे. तुला ओवाळायला मी ताट तयार ठेवीन, तुला आवडतात ते घावनही करीन. पट्टा मात्र मुंबईत ठेवून ये. आवडीच्या हातात मी नव्या हिरव्या बांगड्या भरल्या आहेत. तू दारात आलास आणि तिने त्या काढायला घेतल्या, तर उंबऱ्यावरूनच मागे फिर.

तुझीच, अजूनही तुझीच,
गोदूआक्का