बेताच्या तिखटाचा टोफू

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
रुइफनचा फोन. पितरांची थडगी झाडायच्या सणाला चेंगडूला येते म्हणाली. चार एप्रिलला. दोन दिवस. मी फक्त "बरं" म्हणालो. आवाजात आनंद दाखवला नाही.

सात महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून कुनमिंगला गेली. महिनाभरासाठी. इतका लांबलेला महिना आमच्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता. असो. "दोन दिवस" हे आपलं म्हणायचं. एकतीस वर्षं संसार केलाय, बायकोच्या मनातलं कळतं. कायमचीच येते आहे, पण तसं सांगायला नाक आडवं येतं. मीही तिला सांगायला लावणार नाही.

संकल्प: त्या दिवशी जेवण मी करणार. टोफू. ती करायची तोच, मसाल्यातला, पण सुधारून. एकतीस वर्षं बेताच्या तिखटाचा टोफू खाल्ला, कारण तिला तिखट सोसत नाही. जन्म सेचुआनातला आणि तिखट सोसत नाही. मी तक्रार कधी केली नाही. जेवताना म्हणायचो तेवढंच.

३ मार्च.
चार्ट तयार. एकूण १४ स्टेप्स. ओट्यावर चिकटवला. चौतीस वर्षं गिअरच्या कारखान्यात तपासनीस होतो, केसाएवढा फरक पकडायचो. टोफू ही बाजारातली सगळ्यात स्वस्त वस्तू. त्यात चुकायला आहे काय?

टोफूवालीने विचारलं, मऊ देऊ की घट्ट. म्हणालो, निर्दोष दे. ती म्हणाली, वहिनी मऊच न्यायच्या, आल्या का त्या? चार एप्रिलला येतात, म्हणालो. ती "बरं बरं" म्हणाली. दोनदा म्हणायची गरज नव्हती. घट्ट घेतला.

४ मार्च.
रबर. माल सदोष. नापास. खाली शेवयांच्या दुकानात जेवलो.

६ मार्च.
मऊ टोफू आणला. बाराव्या स्टेपपर्यंत उत्तम. तिथे "नीट हलवणे" असं आहे, मी नीट हलवला. भुगा झाला. कढईचं बूड एका बाजूला कललेलं आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हे चहाघरात सांगायचं नाही. लगेच म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं.

७ मार्च, शनिवार.
चहाघर. थेंगशी विषय काढला. हा थेंग, बायको बाजारातून यायच्या आत भाजी चिरून तयार ठेवणारा. तीस वर्षं त्याला मऊ कानाचा म्हणत आलो. बायको ओढेल तिकडे वळणारे कान. या शहरात असले नवरे पायलीचे पन्नास. माझे कान शाबूत आहेत.

त्याला म्हणालो, माझ्या ओळखीच्या एका माणसाला टोफू शिकायचा आहे. थेंग म्हणाला, त्याला सांग, आधी मिठाच्या गरम पाण्यात ठेव. कढईत ढवळू नको, उलथन्याच्या पाठीनं हळूच ढकल. आणि सात महिन्यांत एकदा तरी स्वतःहून बायकोला फोन कर. मी म्हणालो, ओळखीच्या माणसाच्या बायकोचा विषय नाही. टेबलावरचे बाकीचे तिघे चहाच्या कपात बघून हसत होते. चहाघराची पातळी फार घसरली आहे.

१० मार्च.
टोफू अखंड. सत्तावीस तुकडे, फुटका एक. पण चव नाही. तिच्या टोफूत मागून काहीतरी आंबूस लागायचं. तासभर विचार करून शोधून काढलं: खारवलेल्या मिरच्या. खिडकीखालच्या बरणीतल्या.

ही बरणी म्हणजे एक प्रकरणच आहे. आतलं खारं पाणी तिच्या आजीच्या वेळचं. आजीकडून आईला, आईकडून हिला. लग्न होऊन आली तेव्हा बसमध्ये एकच सीट मिळाली. ती बसली, बरणी तिच्या मांडीवर, मी चार तास उभा. बरणीच्या गळ्याभोवती पन्हळ आहे, तिच्यात पाणी भरलेलं ठेवायचं म्हणजे आत हवा जात नाही. मिरच्या काढायला चॉपस्टिकच्या लांब काड्या वेगळ्या, लाल दोरा बांधून खिळ्याला टांगलेल्या. तेलाचा हात लावायचा नाही, ओला हात लावायचा नाही. एवढं सोवळं तिने माझंही कधी पाळलं नाही. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: पन्हळीत पाणी आहे का? माझी चौकशी नंतर. कधी कधी.

जाताना चावी शेजारच्या थानबाईंना देऊन गेली. त्या दर आठवड्याला येऊन पन्हळ भरतात आणि घरभर नजर टाकतात. आज सांगून टाकलं, उद्यापासून यायला नको. माझं घर, माझी बरणी. चावी परत घेतली. त्या म्हणाल्या, "बरं भावजी. पण काड्या त्याच वापरा हं, कोरड्या."

शुद्ध अंधश्रद्धा. कढई तापलेली होती, हातात कढईतल्या तेलकट काड्या होत्या, त्यांनीच पाच मिरच्या काढल्या. चव जवळजवळ आली. पास.

१३ मार्च.
बरणीतल्या पाण्यावर पांढरी साय. मुरल्याचं लक्षण असावं.

१५ मार्च, रविवार.
आज भीड सोडली. वाळक्या मिरच्या मूठभर, तिखटाची पेस्ट तीन चमचे. घामाघूम झालो. याला म्हणतात पुरुषासारखं जेवण. असा टोफू मिळाला असता तर आयुष्य वेगळं झालं असतं.

दुपारी ४. पोटात थोडी आग. मिरचीत भेसळ आहे.

१६ मार्च.
आडवा. थानबाई पेज घेऊन आल्या. दार मीच उघडलं, नाइलाज होता. म्हणाल्या, "भावजी, तुमच्या पोटाला असलं चालतं का? रुइफन इतकी वर्षं जपून..." त्यांना तिथेच थांबवलं. म्हणालो, पोट ठणठणीत आहे, बाजार भ्रष्ट झाला आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पेज चांगली होती. पास.

२० मार्च.
साय जाड झाली. वास येतो. बरणीत दारू ओतली की वास जातो असं ऐकून होतो. अर्धी बाटली ओतली.

२२ मार्च.
आता दोन्ही वास येतात.

२३ मार्च.
खंबीर निर्णय घेतला. सगळं मोरीत ओतलं. तसंही पाणी गढूळच होतं. तीन पिढ्या पाणी बदललेलं नाही, ही काय अभिमानाने सांगायची गोष्ट आहे? बरणी साबणाने दोनदा घासली. ताजं पाणी, मीठ, पाकिटातल्या मिरच्या. आता आरपार दिसतं. कारखान्यात असती तर पहिल्या फटक्यात पास.

दुपारी तिचा फोन. पन्हळीत पाणी आहे का? काठोकाठ, म्हणालो. यात एक अक्षर खोटं नाही.

२८ मार्च, शनिवार.
रंगीत तालीम. थेंगला जेवायला बोलावलं. टोफू खाण्यासारखा झालाय म्हणाला. मऊ कानाच्या माणसाकडून ही मोठीच कबुली. मग उठून खिडकीशी गेला, बरणीचं झाकण उचललं, वास घेतला, झाकण जागेवर ठेवलं. चहा अर्धा टाकून निघाला. जिन्यात म्हणाला, "लुओ, ती यायच्या आत तिला सांगून टाक."

काय सांगायचं? लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

१ एप्रिल.
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आई मामाकडे उतरणार आहे. घरी दुपारपुरती येईल, बरणीचं काम आहे तिचं. तिला काही बोलू नका. नुसतं जेवू द्या.

मामाकडे उतरणं हे दाखवण्यापुरतं, एकदम घरी येऊन कशी राहील? मुद्दा बरणीचा. अकरा किलोची मातीची बरणी कुणी रेल्वेतून कुनमिंगला नेत नसतं. जिथे बरणी तिथे ती. साधा हिशेब आहे, लेकीला कळला नाही, मला कळला. तिच्या सपाता धुवून उन्हात टाकल्या.

३ एप्रिल.
चार्ट नव्याने काढला, २२ स्टेप्स. टोफूवालीकडून मऊ टोफू. आज तिने काही विचारलं नाही.

खूप विचार केला आणि ठरवलं, उद्या तिखट बेताचंच घालायचं. तिला सोसेल एवढंच. पहिल्याच दिवशी आपलं खरं करायचं नाही. सुधारणा पुढच्या आठवड्यापासून.

४ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.
आत्ता गेली. क्रमवार लिहितो.

साडेअकराला आली. वाळली असेल असं वाटलं होतं. नाही. चांगली दिसत होती. सपाता पुढे केल्या तर म्हणाली, राहू द्या, लगेच निघायचंय. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली काचेची बाटली काढली. रिकामी. म्हणाली, कुनमिंगला लेकीच्या बाल्कनीत नवी बरणी घेतली आहे, तिला विरजणासारखं लावायला थोडं जुनं पाणी नेते. ही बरणी तुम्हाला राहू दे.

म्हणजे बरणीसुद्धा न्यायला आली नव्हती.

झाकण उचललं. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, स्वच्छता बघते आहे. मग विचारलं, "आधीचं पाणी?" मी म्हणालो, मोरीत. गढूळ झालं होतं. ती स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर, मध्ये बरणी असल्यासारखे. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती.

टोफू वाढला. दोन घास खाल्ले. म्हणाली, "फुटला नाही हो." मग उठली, तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि एक लहान डबी काढली. मी याच घरात राहतो, तपासनीस आहे, ती डबी कधी पाहिली नव्हती. तिखटाची. वाटीतला टोफू लालभडक होईपर्यंत घातलं आणि सगळा खाल्ला. मध्ये पाणी प्यायली नाही.

विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, "लहानपणापासून. ओट्यापाशीच माझ्या वाटीत घालून घ्यायचे. तुम्ही पेपर वाचत जेवायचात. बेताचं तिखट तुमच्या पोटासाठी होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, लग्नाच्या वर्षी तुमच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा."

मी म्हणालो, मग बोलायचं होतंस. ती म्हणाली, "चहाघरात सगळ्यांना सांगायचात, आमच्या हिला तिखट सोसत नाही. तुम्हाला ते सांगायला आवडायचं." रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं. साधं म्हणाली, भाव विचारावा तसं.

दोघांच्या वाट्या धुतल्या. स्वयंपाकघरात एकदा फिरून आली. मग शेजारी थानबाईंकडे गेली. तासभर. भिंतीतून बोलण्याचा आवाज येत होता. एकदा हसण्याचाही आला. इतक्या वर्षांत हा आवाज आमच्या बाजूने कधी ऐकल्याचं आठवत नाही.

बाहेर आली तेव्हा बाटली भरलेली होती. थानबाईंची बरणी वीस वर्षांपूर्वी हिनेच आपल्या पाण्याने लावून दिली होती म्हणे. मी दारात म्हणालो, बघ, म्हणजे नुकसान काहीच झालं नाही. ती म्हणाली, "माझं नाही झालं." टॉवेलाची गुंडाळी छातीशी धरून जिना उतरली. प्रत्येक मजल्यावर थांबून, जपून. मी वरून बघत होतो. वर बघितलं नाही.

शेरा अजून लिहिलेला नाही.

५ एप्रिल, रविवार.
सण. ती भावाबरोबर आईच्या थडग्यावर गेली असणार. मला कुणी बोलावलं नाही. दरवर्षी बोलवायचे तेव्हा मी जायचो नाही, पण बोलवायचे.

कालचा उरलेला टोफू सकाळी खाल्ला. पोट दुखलं नाही. एकतीस वर्षं दुखलं नव्हतं, ते माझं पोट मजबूत म्हणून नव्हे, हे आज कळून काय उपयोग. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण सांगायला कुणी नाही.

संकल्प: बरणी नीट लावायची. त्या पाण्यानेच.

अकराला थानबाईंचं दार वाजवलं. म्हणालो, चुकलं माझं, दोन पळ्या पाणी द्याल का. हे वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. मला वाटलं, सुनावतील. त्या म्हणाल्या, "देते की भावजी. रुइफनचंच आहे. आधी तुमच्या त्या कोरड्या काड्या घेऊन या. त्यांच्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही, एवढं कबूल करा." कबूल केलं. पहिल्यांदाच कुणाचंतरी ऐकून धावत घरी आलो.

खिळ्यावर काड्या नव्हत्या. ओट्यावर बघितलं, खणात बघितलं, तांदळाच्या डब्यामागेही बघितलं. तिथे तिखटाची डबी आहे. ती तिने ठेवली. बरणी ठेवली. काड्या तेवढ्या घेऊन गेली.

थानबाईंनी दार उघडं ठेवलं आहे, इथून दिसतं. अजून परत गेलो नाही.