आत्याला स्वयंपाकघर परत देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा मिळेल तो, सध्या मनोरा रंगवण्याच्या कामावर, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, पोटात जेवण आहे, आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेतलेले नाही. मुकादमांनी सांगितले एवढे खरे. पण तो त्यांचा सगळ्यांनाच नियम आहे: उद्यापासून जो वर चढणार त्याने आपले जे काही असेल ते कोणाला, हे कागदावर द्यायचे. मी म्हणालो, माझे आहेच काय? ते म्हणाले, वर गेल्यावर आठवते, म्हणून खालीच लिहून घेतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे केलेले निघाल्यास ते रद्द समजावे.

कलम एक, घर. मला घर नाही. दादाच्या घरातली मागची खोली माझी म्हणतात. वर्षातून दोन-तीन महिने मी तिथे असतो, बाकीचे महिने तिथे वहिनीचे इस्त्रीचे टेबल असते. टेबलाचा हक्क जास्त आहे. ते तसेच राहू द्यावे.

कलम दोन, हत्यारे. लहानमोठे सात ब्रश, खरवडायची पट्टी आणि शिडीचे हुक माझ्या दोराच्या जोडीदाराला. मी वर असताना खाली दोर धरतो तो हा. हे मृत्युपत्र अंमलात आले तर दोर त्याच्याच हातात असणार, तरी ब्रश त्यालाच द्यावेत, कारण दुसऱ्या कोणाला ते धुता येत नाहीत. सायकल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील, कारण ती कोणाकडे आहे हे मला आठवत नाही.

कलम तीन, निळी वही. ही माझ्या पुतणीला द्यावी. तिला सगळे ढब्बू म्हणतात. नाव पडले तेव्हा ती काडीसारखी होती, चेष्टेने पडले. चार वर्षांची झाली तरी वजन वाढेना, पोट फुगलेले आणि हातपाय काटकुळे. मग डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितले, गहू आणि जव हिच्या आतड्याला चालत नाहीत, जन्मभर चालणार नाहीत. शेंगदाण्याने ओठ सुजतात ते दुखणे वेगळे, दोन्हींची गल्लत करू नका. आम्ही गल्लत न करता दोन्हींना घाबरलो.

त्या वेळी मी नेमका बिनकामाचा घरी होतो. म्हणून बाटल्या-डब्यांवरची बारीक अक्षरे वाचणे माझ्याकडे आले. काळ्या सॉसमध्ये गहू असतो हे आमच्या घरात सर्वांत आधी मला कळले. शाळेत मी एवढे कधी वाचले नव्हते. वहीत तेच आहे: काय चालते, काय नाही, तांदळाच्या पिठात बटाट्याचे सत्त्व किती, भिजवलेल्या जवसाचा चिकट लगदा घातला की पाव फुटत नाही. (जव वेगळे, जवस वेगळे. यावरून दादाशी एकदा भांडण झालेले आहे.) अकराव्या पानावर जहाज काढले आहे, त्याचा स्वयंपाकाशी संबंध नाही.

पातेली वेगळी करण्याची कल्पनाही माझीच. ढब्बूच्या पातेल्यांच्या कडीवर मी हिरव्या रंगाची खूण केली आणि त्यांना वरची फळी दिली. हे इथे लिहायचे कारण सहाव्या कलमात येईल.

कलम चार, जुना राग. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने ‘एवढ्याशा पिठानं काही होत नाही’ म्हणून ढब्बूच्या हातात केकचा तुकडा दिला होता. ती दोन दिवस अंथरुणात होती. त्याला मी आमचा पहिला बिनगव्हाचा पाव ठेवतो. तो मागच्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून लावलेला आहे आणि अजून झिजलेला नाही. त्याने तो खाऊन दाखवावा.

जोडीदार शेजारी बसून वाचतो आहे. म्हणतो, ‘मृत्युपत्र लिहितोयस की पाकशास्त्र?’ त्याला ब्रश द्यावेत की नाही याचा मी फेरविचार करीन.

कलम पाच, दादा. दादाला शेंगदाणे फार आवडतात. ते तो आता ऑफिसातच खातो, आणि हात-तोंड साबणाने धुऊन मगच घरी येतो. माणसे दारू पिऊन तोंड लपवतात, माझा भाऊ दाणे खाऊन. अशा माणसाला काय द्यायचे? माझे घड्याळ द्यावे. तो मला नेहमी म्हणत आला की तुझ्या हातून एक काम धड होत नाही. त्याचा मला राग होता. तो मी सोडून देतो. दादा बरोबर होता.

कलम सहा, आळ. माझ्या मालकीची एक वस्तू गेली तीन वर्षे आत्याच्या ताब्यात आहे. ती मी परत घेतो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच आम्हा दोघांना वाढवले. वीसेक वर्षे त्या घरात चुलीपाशी तीच उभी होती. रस्सा पातळ वाटला की चमचाभर गव्हाचे पीठ पाण्यात कालवून सोडायचे, ही तिची सवय. हात आपोआप डब्याकडे जायचा. ढब्बूचे दुखणे कळले तेव्हा तिने आधी तोंड वाकडे केले, आमच्या काळी असली दुखणी नव्हती म्हणाली. मग एकदा ढब्बूने ताटावर विचारले, ‘मी एकटीच आजारी जेवण का जेवते?’ दुसऱ्या दिवसापासून आत्याने घरात सगळ्यांना एकच जेवण केले, ढब्बूचे. रस्सा ती उकडलेला बटाटा कुस्करून दाट करायला लागली. सत्तरीला आलेल्या बाईने हाताची सवय मोडली. मी पाहिले आहे.

त्या दिवसांत मला एका जादूगाराच्या खेळाची पोस्टरे चिकटवायचे काम मिळाले होते. पोस्टरला खळ लागते आणि खळ गव्हाच्या पिठाची; पाहुण्यांच्या पोळ्यांसाठी ठेवलेला पिठाचा डबा घरात अजून होता. दुपारी घरात कोणी नव्हते, बाकीची पातेली खरकटी पडली होती. मी वरच्या फळीवरून हिरव्या खुणेचे पातेले काढले, त्यात खळ शिजवली, बादलीत ओतली, पातेले खळखळून विसळले आणि जागेवर ठेवले. खूण मीच केलेली होती. पण खूण खाण्यासाठी, आणि खळ काही खायची वस्तू नाही, असे माझ्या डोक्याने धरले. खरे म्हणजे डोक्याने काहीच धरले नाही. मी बादली घेऊन गेलो.

संध्याकाळी आत्याने त्यात ढब्बूचे सूप केले. थोड्याच वेळात ढब्बूला उलट्या सुरू झाल्या, पोट धरून लोळायला लागली, शेवटी दवाखान्यात सलाइन लावावे लागले. सगळे आत्याकडे बघायला लागले. वहिनीने विचारले, पीठ लावलंत ना? आत्या नाही म्हणाली. एकदाच म्हणाली. कोणाला खरे वाटले नाही, कारण तिची सवय सगळ्यांना माहीत होती. मला तिथेच उभ्या उभ्या सगळे उमगले. मी बोललो नाही. चार दिवसांनी दुसऱ्या गावी काम आहे सांगून निघालो. काम नव्हते.

तेव्हापासून आत्याला शेगडीला हात लावू देत नाहीत. ती बाहेरच्या खोलीत बसते, तिचे ताट तिथेच नेऊन देतात. कोणी वाईट बोलत नाही. ढब्बू तिच्याकडे खेळते, पण तिच्या हातचे काही घेत नाही, तसे शिकवले आहे. स्वयंपाकघर माझे नाही, म्हणून मला ते कोणाला देता येत नाही. आळ मात्र माझा आहे. माझ्या मृत्यूनंतर हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

एवढे लिहून मी कागद साक्षीच्या सहीसाठी मेसच्या मावशींकडे नेला. त्या आम्हा चाळीस जणांचा स्वयंपाक करतात. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचले आणि विचारले, ‘हे कधी वाचायचं म्हणालास?’

‘मी गेल्यावर.’

‘आणि नाही मेलास तर? ती बसायची तशीच बाहेर?’

सही करणार नाही म्हणाल्या. परातीत तांदूळ निवडत बसल्या.

कलम सात, जे मी त्याच दिवशी दुपारी लिहीत आहे. मी मुकादमांच्या खोलीतून घरी फोन लावला. घरचा फोन बाहेरच्या खोलीतच असतो, त्यामुळे तो आत्यानेच उचलला. तिने आधी विचारले, जेवलास का. मग मनोरा किती उंच आहे ते विचारले, ते मी निम्मे सांगितले. मग खळीचे सांगितले. ती ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, ‘माहितीय मला. दुसऱ्या दिवशी पातेलं मीच घासलं. कडीखाली वाळली होती. लहानपणी पतंगाला खळ कोण करून देत होतं तुला?’

मी विचारले, मग बोलली का नाहीस.

‘तुला घरातून काढलं असतं तर तू गेलास तो गेलासच. मला काढून काढून कुठे काढणार होते? बाहेरच्या खोलीत.’

तिला वाटले फोन कटला, दोनदा हॅलो म्हणाली. मी म्हणालो, वहिनीला बोलाव. आत्या म्हणाली, राहू दे आता, तीन वर्षं झाली. मी म्हणालो, बोलाव.

वहिनीला सगळे सांगितले. पातेले, विसळणे, निघून जाणे. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. ते आमचे आम्ही बघू, ते मृत्युपत्रात बसत नाही. तिने फोन बाजूला ठेवला असावा, बंद करायचे राहिले. मग तिचा आवाज आला, जरा लांबून.

‘आत्याबाई, संध्याकाळचं काय करायचं?’

आत्या खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘आधी सगळी पातेली काढ खाली. बघू दे मला.’

त्यानंतर भांड्यांचा आवाज येत राहिला. मुकादमांनी बिलाची आठवण करून दिली तेव्हा मी फोन ठेवला.

सबब सहावे कलम माझ्या हयातीतच अंमलात आलेले आहे. ते वाचून दाखवण्याची गरज उरलेली नाही, पण कोणी ते खोडूही नये. बाकीची कलमे माझ्या मृत्यूची वाट पाहतील, घाई नाही.

मजकूर माझ्या हातचा आहे, खाडाखोड माझीच आहे. दोन्ही साक्षीदारांनी तो माझ्यासमोर वाचला आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: धाकटा

साक्षीदार पहिला: दोराचा जोडीदार (ब्रश मिळाल्याशिवाय दोर सोडणार नाही, असे त्याने तोंडी सांगितले, ते नोंदवावे म्हणाला.)

साक्षीदार दुसरा: मेसच्या मावशी (सही आता केली.)

ठिकाण: मनोऱ्याच्या पायथ्याची कामगारांची खोली
दिनांक: ६ मे २०२४