पणजोबांच्या पुढची नावं

प्रिय बाबा,
बसानीचा गुडघे टेकून नमस्कार.

मी मजेत आहे. दवाखान्यातली नोकरी अंगवळणी पडली. वसाहतीत पाणी एक दिवसाआड का होईना, येतं.

घरासाठी जागा मागायला शुक्रवारी इथल्या प्रमुखांच्या, होसींच्या दरबारात गेले. इथे दिवे नगरपालिकेचे असले, तरी जमीन होसीच देतात. चपला बाहेर काढल्या, चटईवर बसले, होसींशी थेट बोलले नाही. सगळं तुम्ही शिकवलं तसंच. मग त्यांच्या कारभाऱ्यानं विचारलं, "कुणाची गं तू? पूर्वजांची नावं सांग."

मी पणजोबांपाशी अडकले. मागून एक म्हातारी म्हणाली, "बापानं नुसतं जेवायलाच शिकवलं वाटतं!" सगळा दरबार हसला. बाबा, चूक माझीच. तुम्ही नावं म्हणून घ्यायला बसलात, की मी शेळ्यांचं निमित्त काढून पळायचे.

येत्या शुक्रवारी नाही सांगता आली, तर जागा दुसऱ्याला जाईल. पुढची नावं लगेच पाठवा. शेंगा काढून झाल्या का? आई गुडघ्याला तेल लावते ना?

आणि एक. मागची तीन पत्रं रिसेंगादादाच्या अक्षरात होती. ही नावं तुम्ही स्वतः लिहा. वाकडीतिकडी आली तरी चालतील, पण तुमच्या हातची हवीत.

तुमचीच,
बसानी