राक्षसाच्या डोळ्यांची आखणी

प्रिय अप्पा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. असतानाही कुठे लिहिलं होतं! घाटकोपरात एकाच घरात राहणाऱ्या बापलेकीला पत्राचं काम काय? पण आज चार वाजता मला एक फोन करायचाय आणि त्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे. विषय तुमच्या राक्षसाचा आहे.

आपला सिनेमा पुरा झाला, अप्पा. अंधेरीच्या पोटात भुयार खणताना जागा झालेला तो प्राणी आता पडद्यावर चालतो, गुरगुरतो, माणसं ओढून नेतो. एक कंपनी सिनेमा घ्यायला तयार आहे. अट एकच, राक्षसाचे डोळे कॉम्प्युटरवर बदलून लालभडक करायचे. हो म्हटलं तर सिनेमा घरोघरी दिसेल. नाही म्हटलं तर बहुतेक माझ्या कपाटातच राहील.

मुळात चूक माझीच. जन्मभर गणपती घडवणाऱ्या माणसाला मी राक्षस करायला सांगितला. दुसरा कारागीर आम्हाला परवडत नव्हता हे खरं, पण तुमच्याइतका चांगला मिळालाही नसता. फोम आणि रबर कधी हातात न धरलेले तुम्ही महिन्याभरात त्यात असे रुळलात की बघत राहावं. जबडा, खवले, मानेखाली लोंबणारं कातडं, सगळं झकास. डोळे तेवढे शेवटी ठेवलेत. आखणी करायची ती सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, एका बैठकीत, कुणाशी न बोलता. मी म्हटलं, अप्पा, हा राक्षस आहे, याला कसलं सोवळं? तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. आखणीला बसला होतात ना!

शूटिंगचा पहिला दिवस आठवतो? आपली जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी झाली होती, आणि तिच्या जमिनीखालच्या कोरड्या टाकीलाच आम्ही भुयार केलं होतं. मी पोचले तर टाकीच्या तोंडाशी चपलांची ही रांग! कॅमेरावाला, लाइटवाले, सगळे खाली अनवाणी. का रे, म्हणून विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. काढाव्याशा वाटल्या म्हणे.

शिडीवरून उतरले आणि राक्षसाचं तोंड पाहिलं. लांबट, शांत डोळे, पापण्या किंचित झुकलेल्या. आता हात वर करून आशीर्वाद देईल असा तो बघत होता. त्याच्या आत होता रेमंड, माझा कॉलेजपासूनचा मनोरीचा मित्र. तो आतूनच म्हणाला, "यार, मला बघून कुणी पळतच नाहीये. मघाशी एकाने नमस्कार केला."

सगळे हसले. मला मात्र राग आला, आणि सगळ्या युनिटसमोर मी तुम्हाला म्हणाले, "अप्पा, तुम्हाला साधा एक राक्षस जमत नाही?"

तुम्ही खाली मान घालून "परत आखतो" म्हणालात. तीनदा पुसलेत, तीनदा आखलेत. तिन्ही वेळा तीच नजर. शेवटी मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, "वैशू, या हाताला एवढी एकच नजर येते गं."

मग मी त्याला पाठमोराच ठेवला. नखं, सावली, पाठ. चेहरा काय तो एका शॉटमध्ये आला. तीन महिन्यांनी तुम्ही गेलात आणि माझं माफी मागणं राहूनच गेलं. डबिंग झालं की मागू, सिनेमा दाखवताना मागू, असं म्हणत बसले. किती मूर्ख होते मी! आणि तुम्ही तरी एकदा ओरडायचं होतंत. सोंडेचा रंग चुकला तर अख्खा कारखाना डोक्यावर घेणारा माणूस माझ्यावर चिडला नाही, हे मला अजून सलतं.

तो एक शॉट मी शेवटी टाकला, कारण दुसरा नव्हताच. भुयारातली इंजिनियर मुलगी कोपऱ्यात अडकलीय आणि राक्षस वाकून तिच्याकडे बघतो. गेल्या आठवड्यात मुलुंडला ओळखीच्या लोकांना सिनेमा दाखवला. बाहेर आल्यावर आपल्या शेजारच्या नलूताईंनी माझा हात धरला. "लाल डोळ्यांचा असता तर खाणार हे ठरलेलंच असतं गं," त्या म्हणाल्या. "हा इतक्या मायेनं बघत होता की वाटलं, सोडेल तिला. आणि मग त्याने तोंड उघडलं." त्यांचा हात गार पडला होता, अप्पा.

मी जे लपवत होते तेच सिनेमात सगळ्यात भारी होतं. आणि ते तुम्ही केलं होतंत.

चार वाजून गेले. फोन केला. डोळे बदलणार नाही, असं सांगितलं. समोरच्याने दोनदा समजावलं, मग सभ्यपणे म्हणाला की मग जमणार नाही. जमू दे नाहीतर राहू दे. फोन ठेवून थोडी रडले, मग चहा केला. पश्चात्ताप शोधला, सापडला नाही.

आता माझा शब्द ऐका. पहिला खेळ आपल्या कारखान्यात होईल. गणपती गेल्यामुळे सध्या तो मोकळाच आहे. तुमच्या फळ्यांसमोर पडदा लावीन, बाजूला राक्षसाला उभा करीन, समोर खुर्च्या मांडीन. रेमंड प्रोजेक्टर आणतोय. तिथून बोरिवली, मग मनोरी, मग जिथे कुणी बोलावेल तिथे. तुमच्या डोळ्यांना कुणालाही हात लावू देणार नाही.

आणि कारखान्याच्या दारावर तुम्ही स्वतः रंगवलेली 'चपला बाहेर काढा' ही पाटी आहे ना, ती त्या दिवसापुरती मी उतरवून ठेवणार आहे. बघू या, खेळ संपल्यावर राक्षसाला जवळून बघायला येताना कोण कोण आपणहून काढतं.

मी काढणार आहे.

तुमचीच,
वैशू