आधी लंगडा, मग धड

४ एप्रिल

पुन्हा तेच! आज्ञा दिली, पडद्यावर शंभरेक ओळी धावल्या, आणि शेवटी एकच— ही कार्यप्रणाली माहीत नाही.

कुठून माहीत असणार? ती जगात एकाच डब्यात चालते. माझ्या बायकोने घरी बसून लिहिली, तीन वर्षं, आपल्या वडिलांसाठी. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा, त्याला सगळ्या जगातल्या प्रणालींची नावं तोंडपाठ. हिचं सोडून.

तिला जाऊन आज बारा आठवडे झाले.

मला लिहायची सवय नाही. वही घेतली ती एवढ्यासाठी की काल काय करून पाहिलं ते आज आठवत नाही, आणि तीच चूक पुन्हा करतो. पाणीशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवतो, तशाच इथे ठेवीन.

६ एप्रिल

आधी सगळं नीट मांडून ठेवतो.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, घशाच्या ऑपरेशननंतर बोलू शकत नाहीत. ऑपरेशनच्या आधी तिने त्यांना पंधरा दिवस समोर बसवलं आणि त्यांच्याच आवाजात चारशे बारा वाक्यं भरून घेतली. मग डबा तयार केला. बटण दाबलं की अण्णा बोलतात, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या खेकसण्यासकट. ती गेल्यावर सोळाव्या दिवशी डबा न्हाणीघरातल्या बादलीत पडला. आतलं सर्किट गेलं. तसलं आता मिळत नाही. वेगळ्या जातीचं नवं सर्किट तिनेच आणून ठेवलं होतं, त्यासाठी प्रणालीत बदलही करून ठेवले होते. राहिला फक्त कंपायलर. तो चालणार माझ्या संगणकावर, पण त्यातून निघालेला प्रोग्राम चालणार त्या सर्किटवर, तिच्या प्रणालीत.

फक्त!

सध्या अण्णा पाटीवर लिहितात. हाताचा कंप वाढतोय. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी अक्षर लागणार नाही. आत्ताच 'पाणी' आणि 'पंखा' सारखे दिसतात. काल मी पंखा लावला, ते तहानलेले बसून राहिले.

तिने दवाखान्यात एकच गोष्ट मागितली होती. "अण्णांचं बोलणं बंद पडू देऊ नकोस." मी हो म्हणालो. कशाला हो म्हणतोय ते माहीत नव्हतं.

७ एप्रिल

तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. बायको तिला मास्तरीण म्हणायची. खरंच मास्तरीण आहे!

"भावजी, कंपायलरची आवृत्ती कोणती घेतलीत?"

"सगळ्यात नवी."

"का? लग्नात मिरवायचीय का? तिचे बदल जुन्या आवृत्तीला धरून केलेले आहेत. नव्या कोटाच्या काजांत जुनी बटणं कशी बसतील?"

तीन दिवस वाया. सगळं पुसलं. जुनी आवृत्ती उतरवून घेतली.

९ एप्रिल

जमलं— एक पायरी. ओळखीच्या प्रणालींची यादी एका फाइलमध्ये असते. त्यात तिच्या प्रणालीचं नाव घातलं, की दारावरचा पहारेकरी आत सोडतो. पण गठ्ठे दोन आहेत. एक जोडणीच्या हत्यारांचा, दुसरा खुद्द कंपायलरचा. यादी दोन्हीकडे वेगवेगळी! एकीकडे नाव घातलं, दुसरीकडे विसरलो. एक तास पन्नास मिनिटं यंत्र दळत बसलं आणि मग म्हणालं, माहीत नाही.

अण्णांनी दारातून पाटी दाखवली. "राहू द्या."

मी म्हणालो, होत आलंय. ते पाटी पुसत गेले.

अकरा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी जेवढं बोललो ते एका पानावर मावेल. मधे ती होती, त्यामुळे अडत नव्हतं.

१३ एप्रिल

काही नाही.

१४ एप्रिल

आज आनंदाने ओरडलोच. चाचणीचा छोटा प्रोग्राम तयार झाला! चालवला, अक्षरं उमटली! मास्तरणीला लगेच फोन.

"चालवलात कुठे?"

"माझ्याच संगणकावर."

पलीकडे हसणं. "अहो भावजी, तुमच्या संगणकावर चालला म्हणजेच तो चुकला! तो तुमच्याकडे चालायलाच नको. आज्ञेच्या पुढे नव्या सर्किटचं नाव लावलं नाहीत. तुमचा घरचाच कंपायलर धावून आला."

म्हणजे पाहुण्यासाठी म्हणून रांधलं आणि स्वतःच जेवून उठलो. वर ढेकर!

हसू आलं खरं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे तिला सांगायला हवं. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा.

१७ एप्रिल

नवं कोडं. तिच्या प्रणालीचं वाचनालय, म्हणजे तयार कामांचा साठा, जोडल्याशिवाय कंपायलर पुरा होत नाही. आणि कंपायलर असल्याशिवाय ते वाचनालय तयार होत नाही. आता बोला! विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीत.

मास्तरीण रजेवर आहे. तिची मुलगी आजारी. सारखा फोन करणं बरं नाही.

२० एप्रिल

साहेबांनी बोलावलं. नमुन्यांच्या नोंदीत मी दोनदा तारीख चुकवली. रागावले नाहीत. म्हणाले, "पहाटे पाचला घर सोडता, दीडला परत जाता. घरी म्हातारा माणूस एकटा. दुपारची पाळी देऊ का?"

नको म्हणालो. पहाटे निघून जातो तेच बरं. सकाळी त्या घरात थांबवत नाही. स्वयंपाकघरातला तिचा वावर साडेसहाला सुरू व्हायचा म्हणे— मला तो माहीतसुद्धा नाही, मी कामावर असायचो. सुट्टीच्या दिवशी आठपर्यंत वर झोपलेला असायचो. तरी नको वाटतं.

२३ एप्रिल

तिच्या कपाटात खोका सापडला. आत वाक्यांची यादी, तिच्या अक्षरात, एक ते चारशे बारा. बसून सगळी वाचली. 'पाणी.' 'दार लावा, डास येतात.' 'मीठ कमी आहे.' 'मीठ जास्त आहे.' अडतिसाव्यावर 'किती उशीर!' आणि शेजारी तिचा शेरा— हे रोज लागेल.

यादीखाली वहीचं एक पान. वर लिहिलंय, 'कंपायलर: आधी लंगडा, मग धड.'

एवढंच. पण कळलं! आधी वाचनालयाशिवायचा अर्धवट कंपायलर बनवायचा, त्याला तसं स्पष्ट सांगायचं की तुला काही मिळणार नाही, मागू नकोस. त्या लंगड्याकडून वाचनालय बनवून घ्यायचं. मग ते हाताशी धरून पुरा कंपायलर नव्याने बनवायचा.

चार शब्दांत लिहून गेली. माझे सहा दिवस गेले. तिची ही सवय! सामानाच्या यादीतसुद्धा 'नेहमीचं' असं लिहायची.

२७ एप्रिल

लंगडा झाला.

३० एप्रिल

वाचनालय अडलं. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी. माझ्या संगणकाच्या फाइली मधेच घुसतात. शीर्षकाच्या फाइली, म्हणजे साठ्यात काय काय आहे त्याच्या याद्या, तिच्या प्रणालीतल्या घ्यायच्या, तर कंपायलर शेजारचं दार ठोठावतो. तिच्या फाइली कुठल्या फोल्डरात आहेत ते पूर्ण पत्त्यासह सांगावं लागतं. सांगितलं. तरी नाही!

चिडून टेबलावर हात आपटला. अण्णा आले. पाटीवर बराच वेळ लिहीत होते. "पाटी बरी आहे."

मी चढ्या आवाजात म्हणालो, "काय बरी आहे? काल काय लिहिलंत ते मला अजून वाचता आलेलं नाही!"

असं बोलायला नको होतं. पाटी पोटाशी धरून आत गेले. ते उलट बोलूही शकत नाहीत. भांडणसुद्धा एकट्यानेच करावं लागतं.

१ मे

अण्णांची माफी मागितली. त्यांनी हात हलवला. याचा अर्थ 'असू दे' की 'जा', ते फक्त तिला कळायचं.

४ मे

सापडलं. सांगायची लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद. कामाच्या फोल्डरला मी 'अण्णांचा डबा' असं नाव दिलं होतं. दोन शब्द, मधे जागा. यंत्राला वाटलं पत्ता पहिल्या शब्दाशीच संपला. म्हणून ते आठवडाभर 'अण्णांचा' नावाच्या घरी जाऊन दार वाजवत होतं. असं घरच नाही!

मास्तरीण म्हणाली, "भावजी, ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात."

मी म्हणालो, "मग मी वर चढलो म्हणायचं. आजवर बालवर्गात होतो."

ती हसली नाही. म्हणाली, "तिनेही पहिल्यांदा हेच केलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती."

९ मे

वाचनालय झालं. आता धड कंपायलर. रात्रभर चालू ठेवून झोपलो. सकाळी निघताना पाहिलं— एकही चूक नाही. विश्वास बसेना, म्हणून दोनदा शेवटपर्यंत वाचलं.

१५ मे

तिची प्रणाली नव्या सर्किटसाठी तयार झाली. चाचणीचा प्रोग्राम माझ्या संगणकावर चालवून पाहिला. चालला नाही! नाही चालला याचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

आता आवाज. जुन्या डब्यातून वाचलेल्या मेमरी कार्डावर चारशे तेरा फाइली आहेत, यादीत चारशे बारा. एक जास्तीची, क्रमांक शून्य. तिने आवाज तपासायला भरली असेल. तशीच राहू दिली.

अण्णांना सांगितलं, आठवडाभरात बोलाल. त्यांनी पाटी उचलली, खडू टेकवला, आणि पाटी परत खाली ठेवली.

२१ मे

आज सुट्टी. दुपारी डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला. अण्णांना समोर बसवलं. मीच बटण दाबलं. पडदा उजळला, आणि अण्णांचा जुना, भरदार आवाज घरभर घुमला—

"ए भिंगरे! कुठे आहेस गं?"

भिंगरी म्हणजे ती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून.

पुढे काही नाही. पडद्यावर एकच गोल बटण. मला वाटलं अडकला. तोच पुन्हा— "ए भिंगरे!" आणि पुन्हा. तिसऱ्या हाकेला मी घाईने ते गोल बटण दाबलं, तेव्हा कुठे बाकीची बटणं आली.

अण्णा भिंतीकडे बघत होते. मग पाटी ओढली. अक्षर इतकं वाकडं, पण आज सगळं वाचता आलं.

"बादलीत मी टाकला."

हळूहळू उलगडलं. रोज साडेसहाला अण्णा डबा चालू करायचे. डबा तिला हाक मारायचा. ती स्वयंपाकघरातून ओ देत यायची, बटण दाबायची, त्यांचा दिवस सुरू व्हायचा. तिनेच तसं बसवलं होतं, वडील उठले हे कळावं म्हणून. मला यातलं काही माहीत नव्हतं. ती गेल्यावर घरात पाहुणे होते तोवर डबा कपाटातच होता. आठव्या दिवशी मी कामावर रुजू झालो, पाहुणे गेले, आणि त्यांनी एकट्याने तो चालू केला. आठ सकाळी आपल्याच आवाजात तिला हाक मारताना ऐकलं. मग बटण आपणच दाबलं. नवव्या सकाळी बादली.

आणि मी दीड महिना घाम गाळून ती हाक परत आणली. जशीच्या तशी.

मी म्हणालो, "अण्णा, एका ओळीचं काम आहे. आज काढून टाकतो."

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं, "उद्या सांगतो."

२२ मे

पाटीवर दोन ओळी. "काढू नका." खाली, "मला ऐकवूही नका."

दोन्ही एकदम कसं जमायचं? कंपायलरसुद्धा एवढा आडमुठा नव्हता. चिडलो. बोललो नाही. दिवसभर डबा बंद.

२३ मे

साहेबांना भेटलो.

२५ मे

आजपासून दुपारची पाळी. अण्णांना हाक नकोशी नव्हती, ओ न मिळणारी हाक नकोशी होती, असं मी धरलं. सव्वासहाला खाली आलो, साडेसहाला अण्णांच्या खोलीत डबा चालू केला आणि स्वयंपाकघरात गेलो. हाक आली. "ओ" म्हणालो. पहिली ओ हळू झाली, म्हणून दुसऱ्या हाकेला मोठ्याने म्हणालो, आणि जाऊन बटण दाबलं.

अण्णांनी बटणांत अडतिसावं शोधून दाबलं.

"किती उशीर!"